दगडाचें क्ष-किरण-चित्र

घरांत कुणाचा हात मोडला, कीं क्ष-किरणांचें चित्र खिडकीच्या उजेडांत धरून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी तें न्याहाळतात, आणि प्रत्येकास त्यांत कांहींतरी दिसतेंच. तें खरोखरच तेथें असतें काय, हा प्रश्न दगडाच्या चित्राविषयीं अधिकच बिकट आहे.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेची भूमि हादरली. त्या भागांतील भूकंपांचें मूळ शोधावें म्हणून २०११ ते २०१४ च्या सुमारास तेथें खोल वेध घेण्यांत आले. रासाटी येथील वेधांत सुमारें ९३० मीटरपर्यंत काळा पाषाण लागला व त्याखालीं ग्रॅनाइटवर्गीय खडक. अशा वेधांतून दगडाची जी गोल कांडी वर येते ती पुन्हां मिळत नाहीं. ती करवतीनें कापली तर जुनी भेग कोणती व आपण पाडलेली कोणती, हें सांगणें कठीण. म्हणून तिच्या अंतरंगांत क्ष-किरणांनीं डोकावतात.

परंतु यंत्राचा विद्युद्दाब किती ठेवावा? मनुष्याचें शरीर बहुतांशीं पाणीच. काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. दाब कमी ठेवला तर किरण आंतच अडकतात व चित्र वाळू शिंपडल्यासारखें खरखरीत येतें. फार वाढविला तर किरण पार होतात खरे, पण खनिजाखनिजांतील भेद पुसट होतो.

खरी फसगत निराळीच आहे. नळींतून निघणारे किरण एकजात नसतात. कांहीं मृदु, कांहीं कठोर. मृदु किरण कांडीच्या बाहेरच्या थरांतच शोषले जातात, मध्याशीं पोंचतात ते बहुधा कठोरच, आणि ते सहज पार झाल्यामुळें यंत्राची समजूत होते कीं मध्य हलका आहे. चित्रांत कड उजळ व मध्य काळसर दिसतो. भोळा निरीक्षक लागलीच लिहितो: खडक आंतून झिजलेला! यावर उपाय म्हणजे किरणांच्या वाटेंत तांब्याचा पातळ पत्रा ठेवून मृदु किरण आधींच गाळणें. त्यानें प्रकाश मंदावतो, म्हणून प्रवाह वा वेळ वाढवावा लागतो. दगडास किरणांची बाधा नाहीं, तेव्हां येथें रुग्णाइतकी काळजी नको. इतकें करूनही शंका उरल्यास त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या भरीव दांड्याचें चित्र त्याच मांडणीनें घ्यावें. त्याचीही कड उजळली, तर दोष खडकाचा नव्हे.

आणखी एक पथ्य. दाब, प्रवाह व पत्रा यांची नोंद कांडीच्या खोलीबरोबर पेटीवर असावी. काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो तेथें मांडणी बदलावीशी वाटते. अशा वेळीं सीमेवरचे कांहीं तुकडे जुन्या व नव्या अशा दोन्ही मांडण्यांनीं पाहावेत. नाहींतर चित्रांत दिसणारा बदल भूमीचा कीं यंत्राचा, हें मागाहून कुणासच उलगडणार नाहीं.