उलटा ठोका

गणेशोत्सव दीड महिन्यावर आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांतून संध्याकाळी बेंजोचा सराव ऐकू येऊ लागतो. मी रुग्ण तपासत असतो आणि खिडकीतून तो झणत्कार आत येत असतो. गेल्या वर्षी याच वाद्याने माझी एक चूक माझ्या पदरात घातली. ती तुमच्यापासून लपवावीशी वाटत नाही.

आधी वाद्याविषयी. आपला बेंजो म्हणजे चामडे ताणलेला पाश्चात्त्य बँजो नव्हे. आपला तो बुलबुल तरंग. 1912 च्या सुमारास जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताईशोगोतो या वाद्याचा हा भारतीय भाऊबंद. डाव्या हाताने टंकयंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि उजव्या हातातील नखीने पोलादी तारा छेडायच्या. नखीचा सरळ ठोका हाताच्या झोकाने आपोआप पडतो. उलटा, परतीचा ठोका मात्र मनगटाने मुद्दाम उचलून घ्यावा लागतो. नवशिक्याची खरी कसोटी तिथेच लागते. पाश्चात्त्य बँजोवरही तार बोटाने खालून वर उचलण्याची एक स्वतंत्र शैली आहे. अमेरिकी गायक पीट सीगर यांनी 1948 साली काढलेल्या शिकवणी-पुस्तिकेतील मूळ बोल याच उचलीने सुरू होतो.

किन्हवलीकडचे एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ, एस.टी.चे निवृत्त वाहक, हौसेने बेंजो शिकू लागले होते. शिकवणारा गावातल्याच बेंजो पार्टीतला विशीचा मुलगा. दोनेक महिन्यांनी ते माझ्याकडे आले. "डॉक्टरसाहेब, उजवा हात जड पडतो. उलटा ठोका साधतच नाही." मी मनगट दाबून पाहिले, अंगठ्याच्या मुळाशी थोडे दुखत होते, आणि वयोमानाची झीज असे निदान करून मोकळा झालो. ते अगदीच निराधार नव्हते. चिमटीत एखादी वस्तू धरली की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्या जोराच्या सुमारे 12 पट भार येतो. नखी सैल धरा, पंधरा मिनिटांहून अधिक वाजवू नका, असे सांगून मी त्यांना घरी पाठवले.

तीन आठवड्यांनी ते त्या मुलालाच सोबत घेऊन आले. तो संकोचत म्हणाला, "डॉक्टर, आबांना येत नाही असं नाही. पहिले सात-आठ ठोके झकास येतात. मग उलटा ठोका बारीक बारीक होत जातो आणि शेवटी हात जागीच थांबतो. दुखत असतं तर पहिल्यापासून अडलं असतं ना?"

मी खुर्चीत सरळ बसलो. अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला सांगून हालचाल लहान आणि मंद होत जाते का हे पाहणे, ही तर मेंदूविकारतज्ज्ञांची नेहमीची तपासणी. ती त्या पोराने नकळत महिनाभर केली होती. आबांचा डावा हात व्यवस्थित चालला, उजवा दहाव्या आपटीला आकसला. चालायला लावले तर उजवा हात अंगालगत लटकून राहिला. बायकोने सांगितले, सही बारीक झाली आहे, आणि वर्षभर त्यांना फोडणीचा वासही येत नाही.

पार्किन्सनच्या आजाराला आपण कंपवात म्हणतो आणि या नावानेच फसतो. आबांचा हात थरथरत नव्हता. कित्येकांचा आरंभी थरथरत नाही. आधी येतो तो मंदपणा, बहुधा एकाच बाजूला. आणि घरचे त्याला वय, आळस किंवा हट्ट समजतात. (डॉक्टरही समजतात, हे वर आलेच.)

मी आधी त्यांची औषधांची पिशवी उलटी केली. हे तुम्हीही करा. चक्कर किंवा उलटीवर दिली जाणारी सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड यांसारखी औषधे वृद्धांनी महिनोन्‌महिने घेतली तर हुबेहूब अशीच लक्षणे उद्भवतात, आणि ती बंद केल्यावर बहुतेकांत हळूहळू ओसरतात. आबांच्या पिशवीत तसे काही नव्हते. मग आसनगावहून लोकल धरून ते मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेले आणि निदान पक्के झाले.

हात एकाएकी, मिनिटांत लुळा पडला तर मात्र तो निराळा आजार. पक्षाघात समजून तत्काळ 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आबांना आता लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू आहेत. सांभाळणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात: गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी, कारण डाळ-दूध-मांसातील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात, आणि ती आपल्या मनाने एकदम थांबवू नये. आजार यातून बरा होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "बेंजो सोडू का?"

मी नको म्हणालो. बाहेरून मिळणारा ठेका या आजारात हालचालीला आधार देतो. टाळीच्या तालावर पाऊलही मोकळे पडते. हल्ली मुलगा शेजारी बसून गुडघ्यावर ताल धरतो आणि आबा वाजवतात. गोळीचा अंमल असेल त्या तासात उलटा ठोका पंधरा-वीस वेळा साधतो. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या ओटीवर बसून मोजले, सतरा भरले. आबा म्हणाले, "अठरा होते, डॉक्टर. तिकिटं मोजण्यात जन्म गेलाय माझा."