केंद्रातून परतलेल्या पोराला दार कोण उघडणार?

पाचवे शील आम्ही नेहमी म्हणतो. विहारात म्हणतो, लग्नात म्हणतो, पुण्यानुमोदनाला म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा व्यसन वाईट असते, हे आमच्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याच्याकडून हे शील मोडले, जो व्यसनात रुतला आणि आता त्यातून बाहेर पडू पाहतो आहे, असा तरुण व्यसनमुक्ती केंद्रातून पिशवी घेऊन घराच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्याशी कसे वागायचे हे आम्हाला ठाऊक आहे काय? अनुभवाने सांगतो, नाही. घराला ठाऊक नाही, विहाराला नाही आणि चळवळीलाही नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका माउलीने भल्या पहाटे आमचे दार ठोठावले. तिच्या पोराला पोलिसांनी नेले होते. वय तेवीस, आयटीआय झालेला, जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारा पोरगा. दारूच्या नशेत मारामारी केली होती. आम्ही जामीन करून दिला, फी घेतली नाही, आणि समाजाचे काम केले या समाधानात घरी गेलो. सहा महिन्यांत पुन्हा तोच पोरगा आणि तेच पोलीस ठाणे. या खेपेला ती माउली म्हणाली, ‘दादा, कोठडीतून तुम्ही सोडवता हो. पण दारूतून त्याला कोण सोडवणार?’ आमच्या कायद्याच्या पदवीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मग धावपळ करून त्याला केंद्रात दाखल केले. तो बरा होऊन आला. अंगावर मांस आले होते, हात थरथरत नव्हते. आणि घरात काय झाले? काका म्हणाला, ‘आला का बेवडा?’ बाप रोज रात्री खिशातले पैसे मोजून झोपू लागला. आई मात्र कुणाला न सांगता बचत गटाचे कर्ज काढून त्याची जुनी उधारी फेडत राहिली. तिसऱ्या महिन्यात १४ एप्रिल आला. मिरवणूक संपल्यावर मंडपाच्या मागे आमच्याच एका कार्यकर्त्याने त्याच्या हातात ग्लास दिला आणि म्हणाला, ‘आज बापाचा दिवस आहे, एकाने काय होते?’ त्या वेळी मंडपाच्या पुढच्या बाजूला व्यासपीठावर भाषण चालू होते. भाषण आमचेच होते आणि विषय होता पंचशील. ही गोष्ट आम्ही आजपर्यंत कुठे लिहिली नव्हती. आज लिहितो, कारण दोष एकट्या पोराचा नव्हता.

व्यसन हा आजार आहे, हे आधी डोक्यात पक्के बसले पाहिजे. तो नुसता चारित्र्याचा दोष नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या अवस्थांचा समावेश केला आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक देशात आहेत आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात, असे तो सांगतो. उरलेल्या सदतीस जणांना काय मिळते? शिव्या, मार, अंगारा आणि माळ! बुवाच्या पायावर घालून दारू सुटत नाही, हे बुद्ध-फुले-आंबेडकरांच्या लेकरांना तरी सांगावे लागू नये. पण सांगावे लागते.

त्याहून घातक प्रकार म्हणजे ‘नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून चहात किंवा आमटीत गुपचूप औषध कालवणे. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर जे डायसल्फिराम देतात, त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याला ‘बघू कसा पितो’ म्हणून खोलीत कोंडू नये. दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येतात, भास होतात, प्रसंगी प्राणही जातात. त्याला आधी सरकारी रुग्णालयात न्यावे.

केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. ते नोंदणीकृत आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. पोराला साखळीने बांधणारे, पट्ट्याने मारणारे केंद्र हे केंद्र नव्हे, तो तुरुंग आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने रुग्णाला साखळदंड घालण्यास स्पष्ट मनाई केली आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण उभे राहिले, तेव्हापासून मारहाणीशिवाय माणसे बरी होतात हे महाराष्ट्र पाहत आला आहे. आणखी एक गोष्ट वकील म्हणून सांगतो. गर्द किंवा गांजाच्या सेवनात, अथवा अल्प प्रमाण जवळ सापडल्याच्या गुन्ह्यात पोर अडकले, तर एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ लक्षात ठेवा. व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पण उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेतले जाते. किती घरांना हे माहीत आहे? बेकायदा चिरीमिरी देण्यात घर विकले जाते आणि कायद्याने दिलेली वाट तशीच पडून राहते.

आता पोर घरी आल्यावरचे बोलू. पहिली गोष्ट, झाकपाक बंद करा. त्याची उधारी आईने फेडायची, कामावर ‘ताप आहे’ असा निरोप बहिणीने द्यायचा, पाहुण्यांपुढे बापाने खोटे बोलायचे, याला आम्ही माया म्हणतो. प्रत्यक्षात त्यामुळे दारूचा खर्च घर भरते आणि पोराला काहीच सोसावे लागत नाही. कर्ज त्याचे आहे, ते त्यानेच कमाईतून थोडे थोडे फेडावे. आपण सोबत बसून हिशेब मांडून द्यावा, इतकेच.

दुसरी गोष्ट जिभेची. ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द घरातून हद्दपार करा. दहा वर्षांपूर्वी विकलेले पातेले आज जेवताना काढू नका. समाजाने हजारो वर्षे आम्हाला जन्मावरून नाव ठेवले आणि त्या नावातच कोंडून घातले. आम्हीच आमच्या पोराला त्याच्या आजारावरून नाव ठेवून त्यात कोंडणार काय? खिसे तपासण्याऐवजी त्याला समोर बसवून विचारावे, ‘पगाराचे पैसे पहिले काही महिने कुणाकडे ठेवायचे?’ त्याने आईचे नाव सांगितले तर आईकडे, बहिणीचे सांगितले तर बहिणीकडे. ठरवलेले त्याच्या तोंडून यावे, म्हणजे ते पाळावेसे वाटते. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सर्वांत अवघड असते. त्या वेळी पोटात अन्न, हाताला काम आणि शेजारी माणूस हवा.

तिसरी गोष्ट लग्नाची. ‘दोनाचे चार केले की सुधारेल’ हे वाक्य आम्ही अक्षरशः शेकडो वेळा ऐकले आहे. त्या सुधारणेचे काय झाले, ते आम्ही कौटुंबिक न्यायालयात पाहतो. पोटगीच्या अर्जांत पाहतो, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालच्या प्रकरणांत पाहतो. कुणाची तरी लेक म्हणजे औषधाची गोळी नव्हे. पोर आधी स्वतःच्या पायावर उभे राहू द्या. आणि सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांपासून काही लपवू नका. लपवाल तर तुम्ही एका घराचे दुःख दुसऱ्या घरात नेऊन टाकले, असेच म्हणावे लागेल.

आधार देणे म्हणजे मार सहन करणे नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. तो पुन्हा पिऊन हात उगारत असेल, तर आईने, बायकोने सुरक्षित ठिकाणी जावे, पोलिसांत जावे, संरक्षण आदेश मागावा. त्यात पोराचा विश्वासघात नाही. उलट, घरातील बायांनाही कुठेतरी मन मोकळे करायला जागा हवी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात, तशा घरच्यांसाठी अल-अनॉनच्या असतात. दोन्हींना फी नाही. तिथे ईश्वराचे नाव निघते म्हणून आमचे काही लोक बिचकतात. पण ती शक्ती ज्याची त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे मानायची असते. आमच्या पोराने संघ मानावा. एकट्याने न जमणारे दहा जणांच्या सोबतीने जमते, हा तर संघाचाच अनुभव आहे.

चौथी गोष्ट, स्लिपची. वर्ष-सहा महिने न पिता राहिलेला पोरगा एखाद्या दिवशी घसरतो. मग घर म्हणते, ‘गेले सगळे पाण्यात.’ तसे नसते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो काय? घसरण त्या दिवशी अचानक होत नाही. जुने मित्र पुन्हा येऊ लागतात, सभा चुकू लागते, झोप उडते, उगाच चिडचिड वाढते. ही लक्षणे दिसताच बोलावे. घसरलाच तर कुणाला फोन करायचा, कुठे न्यायचे, हे तो शुद्धीत असतानाच त्याच्यासह ठरवून कागदावर लिहून ठेवावे. सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांकही त्याच कागदावर लिहावा.

पण सगळे ओझे घरावर टाकून चळवळीला मोकळे होता येणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे घर किती करणार? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धिनाश. हे सहा आम्ही तोंडपाठ केले. त्याच सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणेही आहेत. बेसावध असलेल्याला जो सांभाळतो तो मित्र, असे तिथे सांगितले आहे. तेवढे मात्र आम्ही विसरलो. जयंतीच्या मंडळात वर्गणीचा हिशेब असतो, डीजेचा असतो. मंडपामागे दारू येणार नाही, याची जबाबदारी मात्र कुणा एकाच्याही नावावर नसते. ती असली पाहिजे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहार या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी उघडे असले पाहिजे. भाषण नको, चहा आणि सतरंजी पुरे.

अंगुलिमालाची कथा आम्ही लहान मुलांना सांगतो आणि तो शरण आला की कथा संपवतो. मज्झिम निकायात ती तिथे संपत नाही. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा लोकांचे दगड लागून त्याचे डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला सहन करायला सांगितले, पण संघाबाहेर घालवले नाही. त्याला पकडायला निघालेल्या राजा प्रसेनजितानेही तो बदललेला पाहून चीवर आणि अन्न देऊ केले. आम्ही या कथेत कोण आहोत? दगड मारणारे की चीवर देणारे?

तो पोरगा दुसऱ्यांदा केंद्रात जाऊन आला. या खेपेला त्याला आणायला आई, बाप आणि आम्ही असे तिघे गेलो. ज्या कार्यकर्त्याने ग्लास दिला होता, त्याने विहारात सर्वांसमोर माफी मागितली. आज त्याला चौदा महिने झाले आहेत. उद्याची हमी आम्ही देत नाही, तोही देत नाही. मागच्या १४ एप्रिलला मिरवणूक संपल्यावर आम्ही व्यासपीठावर गेलो नाही. मंडपामागे खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसलो. येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीत अशी एक खुर्ची ठेवता येईल काय, एवढेच आम्ही समाजाला विचारतो.

जयभीम!