रील बघून देऊ नका

'रील टाका, पैसे येतील.' देणग्यांवर जखमी जनावरं सांभाळणाऱ्यांना आपण हा सल्ला फुकट देतो. पैसे येतातही, पण गोंडस पिल्लासाठी. अळ्या पडलेल्या गाढवाची रील कुणी शेवटपर्यंत बघत नाही.

वाशिम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे गावातून देणगी येणार किती? सरकारने 2024 मध्ये नोंदणीकृत गोशाळांतल्या देशी गायीला रोज 50 रुपये जाहीर केले. गाढव-कुत्र्याला त्यातलं काही नाही. आणि 1960 च्या कायद्यात जनावराला छळल्याचा पहिला दंड? जास्तीत जास्त 50 रुपये!

'इथं माणसंच उपाशी, कुत्र्यांना कसले पैसे?' हा प्रश्न गरिबाच्या नावाने विचारू नका. कुत्रा चावला की रेबीजच्या इंजेक्शनसाठी रांगेत गरीबच उभा असतो. नसबंदीची जबाबदारी 2023 च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. विचारायचंच असेल तर नगरपरिषदेला विचारा.

आणि रडू आलं म्हणून एकदाच 5000 पाठवू नका. महिन्याला 100 द्या, ऑटोपे लावून, आणि हिशेब मागा. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, हे आम्हा इंजिनिअरांना कळतं. कुटार तर रोज लागतं.