वाडा पाडण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधील मोडकळीस आलेल्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. पाऊस ओसरला की विषय पुढच्या वर्षापर्यंत मागे पडतो. वाडा कोसळू देणे किंवा पाडून इमारत उभारणे, एवढेच दोन मार्ग गृहीत धरले जातात. तो दुरुस्त करून, गरजेपुरता वाढवून त्यातच राहण्याचा तिसरा मार्ग का मागे पडतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

स्थापत्याच्या दृष्टीने हा मार्ग अशक्य नाही. दगडी जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, विटा-मातीच्या जाड भिंती आणि मध्ये उघडा चौक, अशी वाड्याची सर्वसाधारण रचना असते. टेकू देऊन कुजलेला खांब बदलता येतो. मात्र चौकावर स्लॅब टाकला की माजघरातला उजेड आणि वारा जातो. चुन्या-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके कुजू लागतात. न्हाणीघर आणि स्वच्छतागृह जुन्या माडीवर लादण्यापेक्षा परसूच्या बाजूस, स्वतंत्र पायावर बांधणे अधिक सुरक्षित ठरते. पाण्यापुढे मातीची भिंत किती टिकते, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांनी पाहिले आहे.

खरी अडचण आहे ती मालकी आणि भाडे यांची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी मुख्यतः १९४० च्या पातळीवर गोठविली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली. पण मूळ रक्कमच नगण्य असल्याने त्यातून कौले शाकारण्याचा खर्चही निघणे कठीण. साहजिकच मालक दुरुस्ती टाळतो. दुरुस्तीसाठी जागा सोडणाऱ्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क याच कायद्यात आहे. तथापि एकदा बाहेर पडलो की घर गेले, ही त्याची भीती कागदावरच्या हक्काने दूर होत नाही.

दुसरी गाठ वारसांची. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. हे न्याय्यच झाले. परंतु हिस्सेदार वाढले, काही परगावी, काही परदेशी गेले, की सर्वांच्या संमतीअभावी दुरुस्तीचा अर्जही अडतो. पाडलेल्या जागेचे पैसे वाटता येतात, राखलेल्या वाड्याचे येत नाहीत. त्यामुळे एकमत झालेच, तर ते बहुधा विकण्यावर होते.

म्हणूनच वास्तुविशारदाचा आराखडा ही पहिली पायरी नव्हे. वाड्यात कोण राहणार, खर्च कोण उचलणार आणि बाहेर असलेल्या हिस्सेदारांना काय मिळणार, याचा लेखी करार आधी हवा. भाडेकरूच्या पुनर्प्रवेशाची जागा आणि मुदतही कागदावर यायला हवी. हे ठरले नाही, तर उत्तम आराखडाही कपाटातच राहतो आणि वाड्याचा निर्णय अखेर एखादा पावसाळाच करतो.