प्रेमाचा धडा वस्तीत कोण शिकवणार?

"हे असलं विहारात नको."

विलेपार्ल्याच्या एका वस्तीत आम्ही किशोरवयीन मुलामुलींसोबत नात्यांवर नाटक बसवायला घेतलं, तेव्हा हे वाक्य ऐकावं लागलं. बोलणारे मनुवादी नव्हते, आपलेच जय भीमवाले ज्येष्ठ होते. प्रेम, संमती, नकार हे विषय त्यांना चळवळीबाहेरचे वाटले. पण खरंच ते बाहेरचे आहेत का?

1855 साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. भटजीने लुबाडलेलं कुणबी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. नवरा एकटा नाही, दोघंही. म्हणजे नाटक, शिक्षण आणि बरोबरीचं नातं यांची सांगड आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे.

र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक प्रश्नांवर उघडपणे लिहीत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण बाबासाहेब "हे असलं नको" म्हणाले नाहीत. 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा, हेच सांगितलं.

मुळात नात्यांचा प्रश्न हाच जातीचा प्रश्न आहे. 1916 साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर ताबा ठेवावा लागतो. 2014 साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून आपला 17 वर्षांचा मुलगा मारला गेला. 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. आपण रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होतं. पण मोर्चावरून घरी येऊन बहिणीचा मोबाईल तपासणारा भाऊ कोणता विचार चालवतो? मुलीची निवड तिची नाही, हाच ना? मग त्याच्यात आणि मनूत फरक काय उरला?

शाळेकडून आशा ठेवावी तर 2007 साली महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी घातली. घर गप्प, शाळा संकोचलेली. उरतो मोबाईल आणि मुलीचा पाठलाग करणारा सिनेमातला हिरो.

म्हणून आम्ही नाटक निवडलं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या पद्धतीत प्रसंग मध्येच थांबवतात आणि प्रेक्षकांनी पुढे येऊन तो बदलायचा असतो. आमचा प्रसंग साधा होता. मुलगा म्हणतो, "प्रेम असेल तर पासवर्ड दे." आम्ही तिथेच थांबलो. एक मुलगा उठला, मुलीच्या जागी उभा राहिला आणि भांडण नको म्हणून पासवर्ड देऊन मोकळा झाला. मग नववीतली एक मुलगी आली. म्हणाली, "माझा फोन माझा आहे. विश्वास नसेल तर पासवर्ड घेऊन तो येणार आहे का?" समोरच्याला उत्तर सुचेना. टाळ्या वाजल्या, त्यात मागे उभ्या असलेल्या आयासुद्धा होत्या.

खरं काम टाळ्यांनंतर सुरू झालं. संमती म्हणजे काय, 18 वर्षांखालच्यांसाठी पॉक्सो कायदा काय सांगतो, अडचणीत 1098 वर फोन कसा करायचा, यावर तासभर चर्चा झाली. ही चर्चा नसेल तर नाटक नुसती करमणूक ठरतं.

नाटकाने कोयता थांबत नाही, हे आम्हालाही कळतं. त्यासाठी कायदा आणि संघटना लागतेच. पण हातात कोयता येण्याआधी डोक्यात मालकी येते. ती पंधराव्या वर्षीच उपटता येते, पंचविसाव्या वर्षी अवघड होतं.

पार्ल्यात दीनानाथ नाट्यगृह आहे, शेजारी जुहूला पृथ्वी थिएटर आहे. वस्तीतल्या पोरांना तिथल्या तिकिटाची वाट बघत बसायची गरज नाही. आंबेडकरी जलसे नाट्यगृहात नाही, मैदानात आणि चौकात वाढले. येत्या 14 एप्रिलला प्रत्येक जयंती मंडळाने डीजेची एक संध्याकाळ कमी करून ती या नाटकाला द्यावी. मंच मुलींच्या हातात द्या आणि ज्येष्ठांना पहिल्या रांगेत बसवा.

पार्ल्यात ते ज्येष्ठ शेवटी आले होते. आधी दारात उभे राहिले, मग आत येऊन बसले. तुमच्याही वस्तीत येतील, सुरुवात तुम्ही करा.

जय भीम! जय सावित्री!