गाळणीचा विवेक

आमच्या देवळ्यास कांद्याचे दिवस आले म्हणजे बाजाराच्या आवारांत ट्रॅक्टरांचा आणि बोली पुकारणाऱ्यांचा असा गलबला उठतो कीं, शेजाऱ्याचें बोलणेंही कानीं पडत नाहीं. परवां चिरंजीव तेथूनच मोबाइलवर बोलले, तें मात्र आम्हांस स्वच्छ ऐकूं आलें. या नवलाचा उलगडा आमच्या नातीनें केला, तो वाचकांपुढें ठेवतों.

अशा यंत्रास बहुधा दोन कान असतात. तोंडाजवळच्या कानांत बोलणें व गलबला दोन्ही शिरतात. दुसऱ्यांत मुख्यत्वें गलबलाच. दुसऱ्यांतील नाद योग्य मापानें पहिल्यांतून वजा केला कीं बोलणें उरतें. परंतु हें माप क्षणोक्षणीं बदलतें. म्हणून प्रत्येक वजाबाकीनंतर बाकींत गलबल्याचा अंश राहिला काय, हें यंत्र तपासतें आणि त्या मानानें माप किंचित् सुधारतें. सुधारणेचें पाऊल फार लहान असलें तर काम रेंगाळतें, फार मोठें असलें तर यंत्र बिथरतें. विड्रो व हॉफ या अमेरिकन संशोधकांनीं १९६० सालीं मांडलेली ही रीत होय. बिनतारी संदेशांतील व्यत्यय काढण्यासाठीं कानांच्या जागीं दोन अँटेना योजून हाच उपाय करतात. धोका एकच. दुसऱ्या कानांत बोलणेंही शिरलें, तर यंत्र तेंही गलबला समजून वजा करतें!

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें याहून नाजूक कान आहेत. तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशांतील संदेश इतका क्षीण कीं, विजेच्या तारांवरील ठिणग्याही त्यास बुडवितात. नेहमींच्या पातळीहून अकस्मात् उसळलेला अंश तेथील गणकयंत्रें हुडकून वगळतात. पण कित्येक तारेही क्षणिक स्पंदनेंच धाडतात. गाळणी अविचारी झाली तर ताराच गाळला जावयाचा.

हें ऐकून आम्ही चपापलों. आमची धाकटी सूनबाई गेलीं दोन वर्षें दिवेलागणीस कांहीं सांगूं पाहत असे. मुलांच्या व भांड्यांच्या आवाजांतलाच तो एक समजून आम्ही पोथी वाचीत राहत असूं. त्या सायंकाळीं पोथी मिटून विचारलें. तिला अर्धवट राहिलेली पदवी पुरी करावयाची होती. गतवर्षींची अर्जाची मुदत आमच्या या बहिरेपणांत टळून गेली होती. यंत्र आपली चूक क्षणोक्षणीं तपासतें. आम्हांस दोन वर्षें लागलीं.

यंदाचा अर्ज आम्हीं स्वतः बसून तिच्याकडून भरून घेतला.