जुनी होडी आणि नवे शहाणपण

जुनी मोटार जपणारा मनुष्य रसिक ठरतो आणि जुनी होडी जपणारा वेडा ठरतो, हा न्याय आपल्या सुशिक्षित समाजात केव्हा रूढ झाला हे सांगणे कठीण आहे. पण तो रूढ झाला आहे खरा. इकडे भोपाळात, आमच्या कोटरा सुल्तानाबादेतील एका बैठकीत लाकूड व कॅनव्हास यांच्या जुन्या कॅनोची डागडुजी करण्याच्या छंदाचा विषय निघाला, तेव्हा एक सुविद्य गृहस्थ म्हणाले, "अहो, तेवढ्या खर्चात फायबरची नवी येईल!" आणि खटला निकालात निघाला अशा मुद्रेने त्यांनी चहाचा पेला उचलला. माझ्या मते खटला तेथे सुरूसुद्धा झाला नव्हता.

ही कॅनो म्हणजे काय वस्तू आहे, हे आधी पाहिले पाहिजे. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी भूर्जाच्या सालीच्या होड्या करीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील मेन राज्यातल्या कारागिरांनी सालीच्या जागी सुती कॅनव्हास आणला. सीडरच्या पट्ट्या वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवावयाच्या. त्या बरगड्यांवर पाव इंचाहूनही पातळ फळ्या पितळी चुकांनी जडवावयाच्या. चुकेचे टोक साच्यावरील लोखंडी पट्टीवर आपटते, उलटे वळते आणि लाकडात परत घुसते. मग वरून कॅनव्हास ताणून काठाशी ठोकावयाचा, त्याचे विणकाम लिंपणाने बुजवावयाचे व रंग द्यावयाचा. यातील मर्म असे की, हा कॅनव्हास फळ्यांना चिकटवलेला नसतो. काही दशकांनी तो जीर्ण झाला, की काठाच्या पट्ट्या काढून अख्खाच्या अख्खा उतरवता येतो. आतली मोडकी बरगडी बदलावी, कुजलेली फळी काढून नवी बसवावी, पुन्हा कॅनव्हास चढवावा. करणाऱ्यानेच ती पुढे कोणीतरी उघडील अशा बेताने केलेली असते. आता तिच्यावर कॅनव्हासाऐवजी काचतंतू आणि राळ चढवण्याचे नवे शहाणपण पाहा. राळ लाकडाला घट्ट धरते, आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीसाठी ते कवच खरवडून काढताना फळ्याच सोलून निघतात. होडी चार वर्षे चकाकते, आणि दुरुस्त होण्याचा तिचा गुण मात्र कायमचा जातो.

फायबरला गुण नाहीत असे मी म्हणत नाही. ते हलके आहे, त्याला निगा थोडी लागते. ज्याचे पोट समुद्रावर आहे, त्या खारव्याने वा गाबिताने लाकडी होडी टाकून फायबरची घेतली, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हांस नाही. संस्कृती टिकावी म्हणून गरिबाने जड होडी ओढावी, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे. पण म्हणूनच हा भार कोणी उचलावा, या प्रश्नाला उत्तर एकच उरते: ज्याला फुरसत आहे त्याने. ज्याला आपण छंद म्हणून हिणवतो, त्यावाचून या विद्येला दुसरा वालीच राहिलेला नाही. अमेरिकेत हे लोकांनी वेळीच ओळखले. तेथे १९७९ मध्ये लाकडी कॅनोच्या वारशासाठी संघ स्थापन झाला आणि हौशी माणसांनी परसातल्या छपरांत ही कारागिरी जिवंत ठेवली. आमचा मध्यमवर्गीय छंदी मनुष्य नाणी जमवतो, तिकिटे जमवतो. ज्या छंदात तळहाताला घट्टे पडतात त्याच्या वाटेस तो सहसा जात नाही. कोळीगीतांवर ताल धरणाऱ्या आमच्या हातांना रंधा मात्र परका!

याउलट नव्याने जुने घडवण्याचा उत्साह पाहावा. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून गोव्यात काथ्याने फळ्या शिवून एक जहाज बांधले गेले. ते 'कौंडिण्य' या नावाने मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. काम अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. पण ते शिवणारे हात बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळातून आले होते, ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात विसरू नये. काथ्याने शिवलेल्या होड्या आपल्याही किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या. कोकणी माणूस ज्याला व्हडें म्हणतो, ते माडाच्या झावळ्यांखाली उन्हात तडकत पडले असता त्याची डागडुजी करावी असे कोणाच्या मनात आले नाही. आणि चित्रातले जहाज उभारल्यावर मात्र आमचा ऊर भरून आला. अशी प्रतिकृती वर्षानुवर्षांत एखादी होते. डागडुजी दरसाल, दर गावात होऊ शकते, आणि हात शिकतात ते तिच्यातच.

मी वकील असल्यामुळे कायद्याचाही विचार करणे प्राप्त आहे. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यात किमान शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पण तो कायदा मुख्यतः ती वस्तू देशाबाहेर जाऊ नये याची चिंता वाहतो. घरच्या घरी कुजावयास त्याची हरकत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले: मूळ रूपात राखलेल्या गाडीला नोंदणीचे वेगळे चिन्ह, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, धंद्यासाठी वापर नाही. त्याच वर्षी देशांतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन नवा आला. एकाच वर्षात दोन्ही कामे झाली, तरी मोटारीला मिळालेली ती मानाची पाटी होडीच्या वाट्यास आली नाही. मोटारीचे मालक वजनदार असतात, याखेरीज यास दुसरे कारण मला सुचत नाही. कोणी म्हणेल, फळ्या बदललेली होडी जुनी कशी? अथेन्सच्या पंडितांनी थीसियसच्या जहाजावरून हा वाद पुष्कळ घातला आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. जी वस्तू भाग बदलून वापरावी म्हणूनच घडवली, तिच्या बदललेल्या भागांवरून तिचे मूळपण नाकारणे हा तर्क न्यायालयात टिकावयाचा नाही.

भोपाळ समुद्रापासून दूर, येथे होडीचा कसला विचार, असाही एक आक्षेप आहे. आमच्या दारापासून मोठा तलाव लांब नाही. राजा भोजाच्या नावाशी जोडलेला हा जलाशय २००२ पासून रामसर यादीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या पाण्यावरील क्रूझ व मोटारबोटींविरुद्ध आदेश दिला. म्हणजे वल्ह्याचे दिवस कायद्यानेच परत आणले! मग काय झाले? डिसेंबर २०२५ मध्ये येथे वीस शिकारे उतरवण्यात आले. काश्मिरात ज्या देवदाराच्या करतात, त्या घाटाचे, पण फायबरचे. श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयात किनारी गावाचे उघड्यावरचे दालन आहे. तेथून खाली तलाव दिसतो. पाण्याबाहेर राहिलेले लाकूड आकसते, सांधे उघडतात. अशा संग्रहालयाने एखादी होडी लोकांसमक्ष दुरुस्त करून टेकडीखालच्या पाण्यात उतरवली, तर कोणता नियम आड येईल?

आणि याच भोपाळात सराव केलेली प्राची यादव टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, २०२१ साली, कॅनोच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेली. ती ज्या प्रकारात उतरली, त्यातील नावेला एका बाजूस तरंगता दांडा असतो. मालवणी माणूस त्याला उलांडी म्हणतो, आणि ती बसवावयाची कशी हे त्याच्या आज्याला ठाऊक होते. तिच्या पुढच्या पिढीच्या सरावासाठी एक तरी नाव इथल्या सुताराच्या हातची असावी, एवढी मागणी क्रीडाखात्याकडे करावयास हरकत नाही. खर्चाचा हिशेब मागितला जाईल. तो द्यावा, फक्त त्यात सुताराची मजुरी खर्चाच्या बाजूला मांडताना शिकाऊ मुलांची संख्याही शेजारच्या रकान्यात लिहावी.